अलेक्झांड्रियाचा पाहुणा

मोठ्या लढाईत सरकारी खेचरं हाकत मी अलेक्झांड्रियाला पोचलो. तिथं जमिनीखाली फार जुनी थडगी आहेत. एका गाढवाचा पाय खचला म्हणून सापडली म्हणे. गाढवानं शोधलेली जागा खेचरवाल्यानं बघायला नको? सुट्टी मिळताच गेलो.

विहिरीभोवती फिरत खाली उतरणारा जिना. तळाशी दाराच्या दोन्ही अंगांना दगडात कोरलेले नाग, डोक्यावर मुकुट, हनुवटीला दाढी. आत मेलेल्यांच्या खोल्या आणि एक जेवणघर, तीन बाजूंनी दगडी ओटे. घरची माणसं इथं येऊन आपल्या मेलेल्यांसोबत जेवत, असं बरोबरच्या दुभाष्यानं सांगितलं.

आमच्याकडं, जोयड्याच्या रानात, देवराईत शिरताना नाव-गाव सांगतात, आणि कुणाच्या घरातनं निघताना ‘आमच्याकडं या’ म्हणतात. नाग बघून मी नाव-गाव सांगितलं, इथवर ठीक. पण निघताना त्या रिकाम्या ओट्यांना हात जोडून म्हणालो, “या एकदा जेवायला.” दुभाष्या हसला. मीही हसलो. जिना चढताना माझ्या मागं पावलं वाजत होती. दुभाष्या पुढं होता.

घरी परतल्यावर काही दिवसांनी चुलीपुढं दोनाऐवजी तीन पाट दिसू लागले. मला वाटे बायको मांडते, तिला वाटे मी. एका दुपारी तिनं तिसरा पाट उचलला. खाली ओली वाळू. आमच्या रानापासनं समुद्र कुठल्या कुठं.

“कुणाला बोलावलंय तुमी?”

मी सगळं सांगितलं.

“लोक लढाईवरनं घोंगडी आणत्यात. तुमी मढं आणलासा. त्याला वाटंला लावा, न्हाईतर मी खानापूरला माहेरी जाते. परत यायची न्हाई.”

तिन्हीसांजेला भात पानात बांधून मी शिवेवर गेलो. खात्री करायला ती मागं उभी, काखेत माहेरी न्यायचं गाठोडं. पान ठेवून पश्चिमेकडं बघत म्हणालो, “पाव्हणं, आता आपल्या गावी जावा.”

रातकिडे एकदम थांबले. जेवायला बोलावून दारातनं हाकलल्यासारखं वाटलं, आणि माझं तोंड मला न विचारता बोललं, “नव्या भाताच्या जेवणाला मात्र या.”

मागं वळायचा धीर होईना. गाठोडं खाली पडल्याचा आवाज आला.

“चला घरला,” बायको म्हणाली. “तुमास्नी एकटं सोडलं तर आणखी कुणाकुणाला बोलावून ठेवशीला.”

नवा भात शिजला त्या दिवशी तिसरा पाट तिनंच मांडला, पानही तिनंच वाढलं. आम्ही मान खाली घालून जेवलो. उठताना बघितलं, त्या पानावरच्या भाताला हात लागला नव्हता. कोपऱ्यातलं मीठ तेवढं नव्हतं.

तिनं चिमूटभर मीठ पुन्हा वाढलं.