पंचाहत्तरवरचा गोल

बिरादार सर फळ्यावर संख्यारेषा काढत तेव्हा पट्टी वापरत नसत. रेघ वाकडी चालेल, टोकाचा गोल चुकता कामा नये. पाचापेक्षा मोठ्या संख्या दाखवायच्या असतील तर पाचावर पोकळ गोल. पाच किंवा त्याहून मोठ्या असतील तर तो गोल भरायचा, खडू मोडेपर्यंत. कुणी अर्धवट भरला की ओरडत, "अरे, पाच दारात उभा हाय! आत घे की त्याला!"

सुलतान बाजारजवळच्या आमच्या शाळेत ते गणित शिकवत आणि मी इंग्रजी. दहावीच्या हजेरीचं काम माझ्याकडे होतं. नियम असा, की पंचाहत्तर टक्के किंवा अधिक हजेरी असेल तरच परीक्षेला बसता येईल. मी हजेरीच्या उतरत्या क्रमाने नावं लिहिली आणि पट्टीने सुबक लाल रेघ ओढली. ती लावण्या नावाच्या मुलीच्या वर पडली, म्हणजे ती परीक्षेबाहेर. आजारी आईचं सगळं करून त्या मुलीने बरोबर पंचाहत्तर टक्के भरले होते.

सर यादी घेऊन माझ्यापाशी आले. "मॅडम, रेघ एक घर खाली घ्या."

"मुख्याध्यापकांची सही झालीय, सर."

"तो क्या हुआ? सही मोठी का पोरगी मोठी?"

मग आम्ही मुख्याध्यापकांकडे गेलो, तर ते म्हणाले, "एकीसाठी यादी बदलली तर उद्या सगळे रांग लावतील." सरांनी खिशातून खडू काढला, त्यांच्या दारावरच संख्यारेषा ओढली आणि पंचाहत्तरवरचा गोल खडूचा भुगा होईपर्यंत भरला. मग माझ्याकडे वळले. "चूक तुमची हाय, मॅडम. बोला की!"

मी बोलले नाही. संध्याकाळी शिपायाने दार पुसलं. लावण्याचं वर्ष गेलं.

पुढचं वर्षभर सरांनी तिला दर रविवारी तारनाक्याच्या आपल्या घरी शिकवलं. ती पास झाली. माझ्याशी मात्र ते निवृत्तीपर्यंत नमस्कारापलीकडे बोलले नाहीत. मुख्याध्यापकांना निरोप समारंभात सगळे शिस्तप्रिय म्हणाले, आणि मी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा मला आजही संताप येतो.

गेल्या महिन्यात सर गेले. त्यांची माफी मागायची राहिली.

ईशान, परवा फोनवर संख्यारेषेचं गणित चुकल्याचं सांगून तू म्हणालास, "आजी, गोल भरायचा राहिला, एवढंच ना?" आणि मी तुझ्यावर ओरडले. राग तुझ्यावर नव्हता. पण वही काढ आणि तो गोल भर. पेन्सिलीचं टोक मोडलं तरी चालेल.