आठशे पानांचा वाद

दिल्लीतल्या मराठी वाचकांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात एकदा गणपतीच्या दिवसांत पुस्तकांचा स्टॉल लागला होता. तिथे जेवणाच्या रांगेत उभ्या असलेल्या सात-आठ जणांनी हा गट सुरू केला. आता साठेक माणसं आहेत. बहुतेक केंद्र सरकारच्या नोकरीतली, काही निवृत्त, काही माझ्यासारखी, नोएडाहून रोज दिल्लीतल्या ऑफिसात ये-जा करणारी. गटाचा नियम एकच, राजकारण नको. त्यामुळे भांडायची सगळी हौस साहित्यावर निघते.

गेल्या नोव्हेंबरात एका शनिवारी सकाळी कोणीतरी प्रश्न टाकला, "मराठीतला सगळ्यात ओव्हररेटेड लेखक कोण?" मी तेव्हा मटार सोलत होते. मटार सोलताना माणसाचं डोकं रिकामं असतं आणि एक हात मोकळा करता येतो. मी एका मोठ्या कादंबरीकाराचं नाव लिहिलं. मिठागरांच्या गावातल्या तीन पिढ्यांवरची त्यांची आठशे पानी कादंबरी घरोघरी असते, दर्शनी कपाटात, सहसा फुलदाणीच्या मागे. मी लिहिलं, "पहिल्या नव्वद पानांत एक लग्न ठरतं आणि मोडतं, तेही शेजारच्या घरातलं. याला महाकादंबरी म्हणतात. मी पाल्हाळ म्हणते."

भाजी फोडणीला पडेपर्यंत पस्तीस अंगठे आले. लोक इतकी वर्षं गप्प बसून होते, याचं मलाच नवल वाटलं. माझी तेरा वर्षांची लेक डोकावून म्हणाली, "आई, पाल्हाळ म्हणजे क्या?" मी तिला अर्थ सांगितला. ती म्हणाली, "अच्छा, म्हणजे बाबा फोनवर बोलतात तसं."

तेवढ्यात विरोध आला. गटावर एक निवृत्त बाई होत्या. त्यांच्या नावाशेजारी जास्वंदीच्या फुलाचा फोटो होता आणि प्रत्यक्षात त्यांना कोणी फारसं पाहिलेलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, "या लेखकाच्या शेळीला तोड नाही. कथा नाक संथ आहे पण ते अभी जात साहित्य आहे. वाचायला दम लागतो."

शैलीची शेळी झाली होती, कथानकाचं कथा नाक, अभिजातचं अभी जात. लोकांनी हसण्याची चित्रं टाकायला सुरुवात केली. एकाने शेळीचा फोटो टाकला. बाई मागे हटल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत त्यांचे अकरा संदेश आले, प्रत्येकात मुद्दा होता आणि प्रत्येकात असं काहीतरी होतं. मला मुद्द्याला उत्तर सुचत नव्हतं, कारण त्या विचारत होत्या ते सगळं पुस्तकाच्या उत्तरार्धातलं होतं. तेव्हा मी जे लिहिलं ते आजही त्या गटावर आहे. पुसायची वेळ निघून गेली. मी लिहिलं, "आधी शुद्धलेखन, मग साहित्य."

बावीस अंगठे. बाई गप्प झाल्या. मी जिंकले असं मला वाटलं, आणि मी चांगली झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा मला एकटीला ध्वनिसंदेश आला. आवाज खणखणीत, किंचित नगरकडचा.

"नमस्कार. मी लिहीत नाही, मी बोलते. लिहितो तो फोन. माझ्या डोळ्यांचा पडदा गेलाय, मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. म्हणजे तुम्ही समोर आलात तर तुमचं तोंड सोडून सगळं दिसेल. फोनला मराठी कमी येतं आणि तो काय लिहितो ते मला वाचता येत नाही. शेळीचं मला आज भाचीनं सांगितलं, आम्ही दोघी पोट धरून हसलो. पण शुद्धलेखनाचं लागलं. मी एकतीस वर्षं सरकारात अनुवादक होते. माझ्या कागदावर कोणी ऱ्हस्व-दीर्घाची खूण केलेली मला आठवत नाही."

मी तो संदेश स्वयंपाकघरात उभी राहून दोनदा ऐकला. मग फोन केला. माफी कशी मागायची याची जुळवाजुळव मनात केली होती, पण त्यांनी मला दुसऱ्याच वाक्याला थांबवलं.

"माफी राहू द्या. मला खरं सांगा, तुम्ही किती पानं वाचलीत?"

ऑफिसात मला आजवर इतका अवघड प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हणाले, "एकशे चाळीस."

"आठशेपैकी?"

"हो."

"आमच्याकडे अशी फाइल आली की वरचे साहेब परत पाठवायचे. अपूर्ण, असा शेरा मारून." मग त्यांनी विचारलं, "मुनिरक्याला येता येईल? रविवारी मी चर्चहून साडेदहाला परत येते. अकराला या आणि मला ती मोठ्यानं वाचून दाखवा. मीही तीस वर्षांत वाचलेली नाही. मग जे म्हणायचं ते म्हणा."

"मी गटावर सांगते की तुम्ही डोळ्यांमुळे..."

"बिल्कुल सांगू नका. लोकांना दया येईल. मग माझ्याशी कोणी भांडणार नाही. मी घरात एकटी असते हो, भांडण हीच काय ती सोबत."

म्हणून मी गटावर एवढंच लिहिलं, की शुद्धलेखनाचा शेरा मी मागे घेते, तो अनाठायी होता. कादंबरीबद्दलचं मत कायम आहे. त्यावर चारच अंगठे आले. माघार घेणाऱ्याला आपल्याकडे फारसं कोणी विचारत नाही.

नोएडाहून मुनिरका मेट्रोनं सोपं आहे, बोटॅनिकल गार्डनला बसलं की गाडी बदलावी लागत नाही. स्टेशनातून बाहेर पडून मी विद्यार्थ्यांच्या खोल्यांच्या, मोमोंच्या आणि झेरॉक्सच्या गल्लीतून पलीकडच्या सरकारी वसाहतीत गेले. दुसऱ्या मजल्यावर दार उघडं होतं. बाई उंच, पांढऱ्या केसांच्या, निळा स्वेटर घातलेल्या. मान थोडी वळवून, माझ्या कानाकडे बघत त्या म्हणाल्या, "तुम्ही फोनवर वाटता त्यापेक्षा बुटक्या आहात."

"नमस्कार काकू."

"काकू नको. मी नोकरी केली आहे. बाई म्हणा, नाहीतर नुसतं अहो म्हणा."

बाल्कनीत ऊन होतं. त्यांची प्रत काढली तर तिची शिवण सुटलेली, बाइंडिंगला कापडी पट्टी लावलेली. मी पहिल्या पानापासून सुरुवात केली. लग्न ठरलं, मोडलं. मोठ्यानं वाचताना पाल्हाळ आणखी लांबतो हे माझ्या लक्षात आलं. एकदा मी मिठाच्या ढिगांच्या वर्णनाची तीन पानं हळूच उलटली आणि पुढे वाचू लागले.

"ढीग कुठे गेले?" बाईंनी विचारलं.

"कुठले?"

"मिठाचे. संध्याकाळी ते गुलाबी दिसतात. ते आल्याशिवाय होडी येत नाही. मागे जा."

मी मागे गेले. ढीग गुलाबी झाले. होडी आली.

असे रविवार सुरू झाले. घरून पहिल्यांदा विरोध झाला. नवऱ्याला एकट्याला पोहे करावे लागत होते. लेक म्हणाली, "आई, भांडायला इतक्या दूर जातेस? भांडण तर ऑनलाइन होतं ना यार." पण मला ते आवडू लागलं होतं. एकशे चाळिसावं पान तिसऱ्या रविवारी आलं. तिथे माझी बसच्या तिकिटाची जुनी खूण नव्हती, ती माझ्या घरच्या प्रतीत होती, तरी मला ते पान ओळखू आलं. त्यापुढचं सगळं मला नवं होतं, आणि ही कबुली मी बाईंना दिली नाही. आवाजावरून त्यांना कळली असावी.

गंमत म्हणजे गटावर आमचं भांडण चालूच होतं. आठवडाभर आम्ही एकमेकींना चांगलं सुनवायचो. फरक इतकाच, की त्यांचे संदेश आता शुद्ध असायचे, कारण आधी त्या मला फोनवर सांगायच्या, मी ते टंकून त्यांना पाठवायचे, आणि त्या ते गटावर टाकायच्या. माझ्याविरुद्धची जहाल वाक्यं मीच लिहिलेली होती. एकदा "या भगिनींची वाचनाची धाव प्रस्तावनेपर्यंतच" असं त्यांनी सांगितलं, तेव्हा मी म्हणाले, "जरा जास्त होतंय." त्या म्हणाल्या, "लिहा. अनुवादकानं मध्ये बोलू नये."

जानेवारीत धुकं आणि धूर इतका वाढला की आम्ही बाल्कनी सोडून आत हीटरजवळ बसू लागलो. अशाच एका रविवारी, कुणाच्या तरी वाटणीच्या लांबलचक प्रकरणात, मी वर बघितलं तर बाईंचे डोळे मिटलेले आणि तोंड उघडं. मी वाचायची थांबले.

"वाचा ना. मी ऐकतेय."

"आता काय झालं सांगा बरं?"

त्यांनी स्वेटर नीट केला. "हे प्रकरण गाळू," त्या म्हणाल्या.

"मग माझ्यासारखंच झालं की."

"नाही. मी वाचून गाळतेय. तुम्ही न वाचता गाळलं होतंत."

फेब्रुवारीत आम्ही सव्वापाचशेव्या पानाच्या आसपास पोचलो. तिथे मिठागराच्या कचेरीतला एक कारकून येतो. निरक्षर मजुरांची पत्रं तो लिहून देतो, आणि लिहिताना थोडी बदलतो. बायकोवर रागावलेल्या माणसाचं पत्र तो मऊ करून पाठवतो. मालकाला शिव्या देणाऱ्याचं पत्र अर्जासारखं करतो. त्यामुळे भांडणं मिटतात, आणि मजुरांचं मात्र कधीच काही होत नाही, कारण ते किती चिडलेत हे मालकाला कळतच नाही. कारकुनाला हे समजतं तो प्रसंग सहा पानांचा आहे. त्यात एकही वर्णन नाही. मी तो वाचला आणि शेवटच्या पानावर दोनदा थांबले. खोकल्याचं निमित्त केलं. त्या दिवसांत दिल्लीत ते सहज पटायचं.

बाईंनी हात पुढे करून पुस्तक माझ्याकडून घेतलं. मग म्हणाल्या, "यासाठी मी भांडते."

"म्हणजे?" मी विचारलं.

"मी नोकरीला नवीन होते. एका खेड्यातल्या शेतमजुराचं पत्र आलं होतं मराठीत. रस्त्यात त्याचं घर गेलेलं. फार वाईट भाषेत लिहिलं होतं त्यानं, आईबहिणीवरून. मी इंग्रजी करताना सगळं सभ्य केलं. म्हटलं, बिचाऱ्याचं काम बिघडायला नको. साहेबांनी वाचलं, 'नोंद घेतली' लिहिलं आणि फाइल बंद. त्यानं लिहिलेलं मी तसंच लिहिलं असतं, तर कदाचित साहेब निदान दचकले असते." त्यांनी हीटरकडे हात शेकायला धरले. "त्याच वर्षी ही कादंबरी वाचली. हे सहा पानांचं प्रकरण वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून मी एक शब्दही मऊ केला नाही. शिव्यांचं इंग्रजी वाचताना साहेब लोक लाजायचे, मी नाही लाजले. आता मला सांगा, ज्याच्यामुळे आपली नोकरी करायची पद्धत बदलली त्या माणसाला मी ओव्हररेटेड कशी म्हणू?"

मी विचारलं, "त्या माणसाचं घर?"

"माहीत नाही. कधीच कळलं नाही."

मग त्यांनी चहा टाकला. त्यांच्याकडे चहा करायची पद्धत कानावर चालते. उकळीचा आवाज बदलला की दूध. आम्ही नानकटाई खाल्ली. त्या दिवशी पुढे वाचलं नाही.

कादंबरी मार्चच्या शेवटी संपली, बाल्कनीत पंखा लावून. शेवट फसलेला आहे. त्या घराण्यातले पांगलेले चारही मुलगे एकाच दिवशी घरी येतात, जे आयुष्यात कोणाच्या घरी होत नाही. मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "दीडशे पानं जास्त आहेत."

"दोनशे," बाई म्हणाल्या. "पण हे गटावर लिहिलंत तर दार उघडणार नाही."

मी लिहिलं नाही. पुढच्या शनिवारी गटावर फक्त एवढं टाकलं, की मी ती पूर्ण वाचली, कारकुनाच्या प्रकरणासाठी ती कपाटातून काढावी, फुलदाणी जपून हलवावी. दोघातिघांनी खाजगीत विचारलं, ते प्रकरण नेमकं कुठल्या पानावर आहे. म्हणजे तेवढंच वाचायचा त्यांचा बेत होता. मी पान सांगितलं. सहा पानं का होईना.

मला वाटलं होतं, आता रविवार मोकळे झाले. पण बाईंचा फोन आला. "आता तुमचा कोण आवडता आहे तो आणा. बघू दे तुमची पसंती."

मी माझ्या सर्वांत लाडक्या कथालेखिकेचं पुस्तक घेऊन गेले. ही लेखिका मी कॉलेजात असल्यापासून उशाशी ठेवते. तिच्या गोष्टींवर मी लोकांशी मैत्री केली आहे आणि एकदोन मैत्र्या तोडल्याही आहेत. या वेळी लेकही बरोबर आली, तिला ही भांडणाची जागा बघायची होती. मी सगळ्यांत चांगल्या दोन कथा निवडून, जीव ओतून वाचल्या. लेक मधेच तीन शब्दांचे अर्थ विचारून गप्प बसली. बाईंनी पूर्ण जागं राहून ऐकलं.

"छान वाचता तुम्ही," त्या म्हणाल्या.

"आणि कथा?"

"दोन्हीत बाई खिडकीत उभी राहते आणि तिला काहीतरी उमगतं. काय उमगतं ते लेखिका सांगत नाही. तिला तरी माहीत आहे का?" त्यांनी माझ्या लेकीच्या दिशेनं मान वळवली. "तुला कळलं, बाळा?"

लेक माझ्याकडे बघत म्हणाली, "नाही आजी."

"हिला इतकं डोक्यावर कोणी घेतलं?" बाईंनी विचारलं.

परतीच्या मेट्रोत मी लेकीशी अर्ध्या वाटेपर्यंत बोलले नाही. घरी पोचते तोच बाईंचा फोन, आज रात्रीच गटावर टाकायचा मजकूर घ्या म्हणून. मी वही घेऊन बसले आणि त्यांनी माझ्या लाडक्या लेखिकेची सालं काढायला सुरुवात केली. एका ठिकाणी मी विशेषण जरा सौम्य केलं.

"पुन्हा वाचून दाखवा," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. त्यांनी विशेषण दुरुस्त केलं. मी ते जसंच्या तसं लिहिलं, पाठवलं, आणि मग स्वतःचं उत्तर तयार करायला बसले.