राखी गाय मेली
थरच्या वाळवंटात, छाछरोच्या वाळूत नाथी मेघवाडनं चाळीस वर्षं गाई पाळल्या. शेवटची धोळी, म्हणजे पांढरी. जेठाच्या उन्हात बकऱ्या धापा टाकायच्या तेव्हा ही कोसभर चालून विहिरीवर जायची आणि संध्याकाळी आठ लिटर दूध द्यायची. तेही नाथीच्याच हाती. दुसऱ्यानं कासेला हात लावला की पान्हा चोरायची.

पौषात गुरांच्या खात्याचे साहेब आले. अस्सल थारी गाईला दाखला आणि वर्षभर पेंड मिळणार होती. धोळीचा रंग दर थंडीत राखेसारखा व्हायचा. साहेबांनी हातातला कागद पाहिला, गाय पाहिली.

"रंग पांढरा हवा. ही संकरित आहे."

"थंडी आहे साहेब. उन्हाळ्यात होईल पांढरी."

"मासी, गाय आहे ती, चादर नव्हे."

जेठात साहेब ओला टॉवेल डोक्यावर घेऊन पुन्हा आले. समोर धोळी, दुधासारखी पांढरी. केस बाजूला सारून त्यांनी खालची काळी कातडी पाहिली, वशिंड चाचपलं आणि खूश झाले.

"ही असताना ती राखी कशाला दाखवलीस?"

"तीच ही."

"दाखला देतोय ना? मग थट्टा पुरे. ती संकरित कुठंय? दोघी एका गोठ्यात चालणार नाहीत."

नाथी पुन्हा तोंड उघडणार, तोच शेजारचा अलारखो म्हणाला, "मी घेतली साहेब."

अलारखोकडे जन्मात गाय नव्हती. पण साहेबांनी लिहून घेतलं, धोळीच्या कानात बिल्ला ठोकला आणि पेंड सुरू झाली.

भादव्यात लस टोचणारे अलारखोच्या दारात उभे. गाय दाखव, नाहीतर नोटीस. नाथी स्वतः छाछरोच्या कचेरीत गेली, सगळं खरं सांगितलं. कारकून म्हणाला, "मासी, नोंद काढायची तर गाय मेली पाहिजे."

"माझ्या जित्या गाईला मी मेली म्हणू?"

ती तणतणत परतली. दुसऱ्या दिवशी अलारखो गुपचूप गेला आणि गाय मेल्याचं लिहून देऊन आला. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नकोस. संकरितच ती. उन्हाळा सोसला नसेल."

हे त्यानं हसत हसत नाथीला सांगितलं. ती हसली नाही. आठ दिवस तिनं त्याच्या घरी रोजचं ताक पाठवलं नाही.