चौघं मिळून एक बॉस

लोकांचे किस्से गेम खेळून झाल्यावर तयार होतात. आमचं उलटं. गेम यायचाच होता, तारीख पुढं पुढं सरकत होती आणि किस्से मात्र आठवड्याला एक या दरानं जमत होते! भोरला माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. पंखा चांगला आहे, गिऱ्हाईक बेताचं आहे, त्यामुळं सगळे बसायला तिथंच. माझं वय विचारू नका. चाळिशी उलटलेला बाप्या गेमच्या रिलीजची वाट बघत बसतो, एवढी लाज पुरे आहे.

आम्ही चौघं. एक मी, प्रकाश. दुसरा बापू, वरवे बुद्रुकचा, शाळेपासूनचा दोस्त, जवळच्याच एका कंपनीत नोकरीला. तिसरे दत्ताभाऊ, पानशेतच्या पलीकडं शेती आणि गाया. आणि चौथ्या शिंदे मॅडम, आंबवड्याला शिक्षिका. खेळण्यात मॅडम आमच्या सगळ्यांच्या वर. हे मी पहिल्यांदाच कबूल करतोय.

गेम ऑनलाइन, चौघांची पार्टी करून खेळायचा. एकानं ढाल धरून मार खायचा, दोघांनी मारायचं, एकानं सगळ्यांच्या जखमा भरायच्या. शेवटी एक अगडबंब राक्षस येतो, त्याला बॉस म्हणतात. ट्रेलरमध्ये तो खांद्यावर गदा टाकून दरीतून वर येताना दिसायचा. ते बारा सेकंद आम्ही किती वेळा पाहिले, त्याचा हिशोब नको.

मग बापूची बदली चेन्नईला झाली.

"जायच्या आधी एकदा चौघांनी मिळून तो गदावाला मारायचा," बापू म्हणाला. "बास. मग म्या गप जातो."

गेम त्याच्या जाण्याआधी पंधरा दिवस येणार होता. तो चार महिने पुढं ढकलला. बापूची बदली कुणी ढकलेना. एवढ्यात बातमी आली की बीटा येतोय, म्हणजे गेम बाजारात यायच्या आधी निवडक लोकांना तीन दिवस चाखायला देणार. शुक्रवार ते रविवार. बापू बुधवारी जाणार होता. देव पावला म्हणा!

*

आनंदाच्या भरात मी दुकानावर आठ बाय चारचा फ्लेक्स लावला. 'बीटा आगमनानिमित्त हार्दिक शुभेच्छा!' मधोमध गदावाला, खाली आम्ही चौघं शुभेच्छुक, हात जोडून.

दत्ताभाऊंनी दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः गाडीवरून आले, फ्लेक्ससमोर उभे राहिले.

"बापूला गॉगल हाय. तुला गॉगल हाय. मला का न्हाई?"

गॉगल घालून परत छापला. समोरचे टेलर हे सगळं बघत होते. संध्याकाळी हळूच आले आणि म्हणाले, "मत तुमालाच. पण निवडून आल्यावर ह्या गटाराचं तेवढं बघा!" मी पण शहाणा, 'बघतो' म्हणालो. अजून विचारतात.

*

बीटासाठी फॉर्म भरायचा होता. शेवटचा प्रश्न होता, तुम्हालाच का निवडावं? मी दोन दिवस बसून इंग्रजीत चार परिच्छेद लिहिले. त्यात माझा अनुभव, माझी जिद्द, माझं भारतीय गेमिंगमधलं योगदान! योगदान काय, तर पुतण्याच्या अकाउंटवरून एकदा चौथ्या लेव्हलला पोचलो होतो.

दत्ताभाऊंनी मराठीत अर्ज केला. 'महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती करतो की, मी वेल्हे तालुक्याचा रहिवासी असून मला राक्षस मारण्याची आवड आहे. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीनं विचार व्हावा.' सोबत सातबारा जोडला.

"अहो, सातबारा कशाला?"

"असूंदे. लागला तर?"

तीन दिवसांनी निवड झाली. पहिला नंबर दत्ताभाऊ! मग मॅडम, मग बापू. मला नकार आला, तोही फार सभ्य भाषेत. शेवटी निवड झालेल्याला एक माणूस सोबत आणता येतो, या नियमात दत्ताभाऊंनी मला आत घेतलं. आजही कुठं ओळख करून देताना म्हणतात, "ह्यो माज्या वशिल्यानं हाय."

*

शुक्रवारी बीटा उघडला. बाकीचे तिघं अर्ध्या तासात लांडगे मारायला लागले. मी माझा माणूस घडवत बसलो. गेममध्ये नाक, कपाळ, जबडा, सगळं आपल्याला हवं तसं करता येतं. चार तास लागले. रुंद खांदे, सपाट पोट, डोक्यावर दाट केस.

बायको चहा घेऊन आली. "हा कोण?"

"मी."

तिनं स्क्रीनकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, परत स्क्रीनकडं पाहिलं. "कधी?"

मग कळलं की ढाल घेणाऱ्याला लोखंडी टोप सक्तीचा आहे. डोळ्यांच्या दोन फटी सोडल्या तर चेहऱ्याचा केसही दिसत नाही. म्हणजे चार तास पाण्यात.

*

ढाल मी हट्टानं मागून घेतली होती. पुढं उभा राहणारा माणूस रुबाबदार दिसतो, एवढंच माझं त्यामागचं शास्त्र. पण गेममध्ये मार चुकवायला जमिनीवर लोळायचं असतं, त्याला एक बटण असतं, आणि लोळून लोळून माणसाचा दम संपतो. दम संपला की हातपाय चालत नाहीत. या बाबतीत गेम फारच खरा होता.

मॅडमनी शनिवारी आमचा सराव घेतला. सराव कसला, तासच! कुणी कधी लोळायचं याचं वेळापत्रक करून पाठवलं. "आधी गदा वर जाऊ द्या. मग एक, दोन, आणि लोळा. घाई नको."

दरीच्या तोंडाशी पोचलो. मला समोर काहीतरी मोठं, काळं दिसलं. माझं बोट बटणावरच होतं. लोळलो. परत लोळलो. लोळत लोळत कड्यावरून सरळ खाली!

हेडफोनमध्ये मॅडमचा शांत आवाज आला. "प्रकाशदादा, बॉस अजून झोपलाय."

त्या दिवशी मी अकरा वेळा मेलो. त्यातल्या नऊ वेळा बॉसचा काही संबंध नव्हता.

*

रविवार. शेवटचा दिवस. पाच वाजता बीटा बंद होणार होता.

दत्ताभाऊंच्या घरात रेंज नाही, गोठ्यात आहे. त्यामुळं त्यांनी लॅपटॉप चाऱ्याच्या पेंढ्यांवर मांडला होता. जखमा भरायचं काम त्यांच्याकडं. चारला सुरुवात केली, तीनदा मेलो, चौथ्यांदा जमून आलं. मी योग्य वेळी लोळत होतो! मॅडमचे बाण, बापूची तलवार, बॉसचं आयुष्य पाव राहिलं. बापू ओरडत होता, "होतंय, होतंय रं!"

तेवढ्यात दत्ताभाऊ म्हणाले, "आलोच. गाय अडलीया."

"दत्ताभाऊ, पाच मिनटं!"

"तिला सांग की पाच मिनटं!"

मग नुसते आवाज. गाय हंबरतेय, वहिनी 'धरा, धरा' म्हणतायत, आणि इकडं माझ्या जखमा भरायला कुणी नाही. आधी मी गेलो, मग मॅडम, मग बापू. परत उठेपर्यंत पाच वाजले आणि 'सहभागाबद्दल आभार' अशी पाटी आली.

थोड्या वेळानं धापा टाकत दत्ताभाऊ आले. "काय झालं?"

बापूनं उलट विचारलं, "काय झालं?"

"कालवड."

"मग चाललं."

मला मात्र लई वाईट वाटलं. एक गोष्ट मागितली होती त्यानं, तीही होऊ नये? बुधवारी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. एसटी सुटेपर्यंत आम्ही दोघं त्या दरीबद्दलच बोलत होतो, कारण दुसरं काही बोललो असतो तर माझ्याच्यानं निभलं नसतं.

*

चार महिन्यांनी गेम आला. बीटातली आमची माणसं पुसून टाकली होती, सगळं पहिल्यापासून. मी या वेळी नाकाला दोन मिनिटं दिली.

पण चौघं एका वेळी जमेनात. कधी मॅडमना शाळेचं काम, कधी बापूला शिफ्ट, कधी गणपतीच्या फ्लेक्सांखाली मी. तिघं असायचो, चौथा नसायचा, आणि बॉसकडं तिघांनी जायचं नाही असं न बोलता ठरलेलं. शेवटी एका रविवारी दुपारी पार्टीत चार नावं एकदम उजळली. चेन्नईहून बापूचा आवाज आला. "हायसा का सगळी?"

दरीत उतरलो. गदावाला आला. आणि काय सांगू, त्या दिवशी आम्ही झकास खेळलो! दत्ताभाऊंनी गाय आधीच बाहेर बांधली होती. मी एकदाही कड्यावरून पडलो नाही. बॉसचं आयुष्य अर्धं, पाव, मग नखाएवढं. एक घाव, की खेळ खलास.

मीच ओरडलो. "थांबा! शेवटचा घाव बापूचा. मान त्याचा."

सगळ्यांनी हात आवरले.

"छ्या, म्या कसा?" बापू म्हणाला. "शिकवलं मॅडमनी. मान त्यांचा."

"नाही हं," मॅडम म्हणाल्या. "दत्ताभाऊ वयानं मोठे आहेत."

"म्या निस्ता मलम लावतुया," दत्ताभाऊ म्हणाले. "मार परकाशनं खाल्लाय. त्यानंच हाणावं."

"अहो, माझं काय, मी तर तुमच्या वशिल्यानं…"

आम्ही हात आवरले होते. बॉसनं आवरले नव्हते. बोलता बोलता मीच पहिला आडवा झालो. मग 'नाही हं, खरंच नको' म्हणताना मॅडम. मग दत्ताभाऊ, ते तर पडता पडतासुद्धा "घ्या की राव!" म्हणत होते.

उरला बापू. समोर बॉस, नखाएवढा.

"बापू, हाण!" आम्ही तिघं एकदम ओरडलो. "अरे हाण की!"

गदा वर गेली. एक, दोन. बापू लोळला नाही. तलवार उचलली नाही. तसाच उभा राहिला. गदा खाली आली.

स्क्रीन काळी झाली. परत उजळली तेव्हा आम्ही चौघं दरीच्या तोंडाशी होतो आणि आत बॉसचं आयुष्य पुन्हा काठोकाठ भरलेलं.



मग बापू म्हणाला, "बरं झालं. आता पुढच्या रविवारी परत यायला लागंल."