वरच्या मजल्यावरचं इंजिन

कुठलीही वस्तू आवाज करायला लागली की मिस्त्री स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्यावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. आजूबाजूला कुणी तोंड उघडलं तर दुसरा हात वर करून म्हणायचे, "थांबा की जरा. त्याला बोलू द्या." मिक्सर, पंखा, पाण्याची मोटर, सगळ्यांना त्यांनी असं बोलतं केलं होतं. एकदा मला खोकला झाला होता आणि जिन्यात ते स्क्रू ड्रायव्हर घेऊन समोर आले. मी घरात पळालो.

त्यांचं नाव सांगत नाही. आमच्या राजारामपुरीतल्या अपार्टमेंटमध्ये ते कुणी विचारलंही नाही. उद्यमनगरातल्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर ऑइल इंजिनं दुरुस्त केली, एवढं पुरेसं होतं. मी भूगोलाचा निवृत्त मास्तर, राहायला दुसऱ्या मजल्यावर. मिस्त्री आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या काकी, तिसऱ्या मजल्यावर, बरोबर आमच्या डोक्यावर.

निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि घड्याळ हे ठरलेलं असतं. पण त्यांच्या मालकांनी सहज तोंडदेखलं विचारलं, "मिस्त्री, काय पाहिजे बोला." माणसाने अशा वेळी "कशाला, कशाला" म्हणायचं असतं. मिस्त्री म्हणाले, "आगगाडीचं बारकं इंजिन पायजे. रुळावरनं चालणारं." मालक शब्दाला जागले. वीतभर लांबीचं काळं इंजिन, मागे दोन डबे, खोकंभर रूळ आणि वेग कमीजास्त करायचं एक बटण असं सगळं परदेशातून आलं. मिस्त्रींनी भिंतीकडेने रूळ टाकले. गाडी हॉलमधून निघायची, पलंगाखालून जायची, स्वयंपाकघरात वळसा घालायची आणि परत यायची.

"काय आहे काय त्यात एवढं?" असं मी एकदा विचारलं होतं.

"सर, जलमभर नदीकाठची पाणी उपसायची इंजिनं केली. समदी फाउंडेशनला बोल्ट मारलेली. जागची हालली तर आमची चूक! ह्ये पयलं इंजिन हाय, जे माझ्या हातातनं सुटून कुठंतरी जातंय."

 गाडीचा आवाज मी सोसत आलो होतो, पण त्या थंडीत माझी सोसायची ताकद संपली. मिस्त्री पहिली गाडी सकाळी साडेसहाला सोडत. आधी ती नुसती कुरकुरायची. डिसेंबर उजाडला आणि ती दळण दळू लागली. घर्र घर्र कट, घर्र घर्र कट. फरशीवरून तो आवाज थेट माझ्या उशीत उतरायचा. मी सोसायटीला अर्ज लिहिला. पाच मुद्दे, प्रत्येकाला उपमुद्दा. मास्तरकी हाडात मुरलेली असते.

मीटिंगमध्ये चेअरमननी निकाल दिला. येत्या रविवारपर्यंत इंजिनाचा आवाज बंद झाला तर ठीक, नाहीतर ते खोक्यात घालून माळ्यावर टाकायचं. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. मिस्त्री एवढंच म्हणाले, "सरांचं बरोबर हाय. आवाज हाय." बाहेर पडताना मात्र हळूच मला म्हणाले, "तीनदा वरनं खोललं, सर. हातातलं इंजिन कण्हायलंय आणि मला कळंना झालंय." त्यांचा चेहरा बघवला नाही. स्वतःच्या अर्जाचा अभिमान मला तिथेच थोडा कमी वाटू लागला.

शनिवारी सकाळी दहाला दारावर थाप पडली.

"चला वर."

"मी कशाला?"

"तक्रार तुमची न्हवं? मग ब्याटरी तुम्हीच धरायची."

वर काकींनी नातवाचं जुनं दुपटं घडी करून टेबलावर ठेवलं होतं. त्यावर इंजिन उताणं, चाकं वर. मिस्त्रींनी चष्म्यावर चष्मा चढवला. एक एक स्क्रू निघाला की ते तो आमटीच्या वाटीत टाकायचे आणि मोठ्याने आकडा म्हणायचे. मी ब्याटरी धरून उभा. हात जरा हलला की, "सर, उजेड. वर्गात फळा पुसल्यागत हात नका हालवू."

चाकांखालची पट्टी निघाली. आत बारीक दातेरी चाकं आणि त्यांच्यावर पिवळट घट्ट राप. मिस्त्रींनी चिमट्याने आसाभोवतीचं काहीतरी धरलं आणि ओढायला लागले. ते येतच राहिलं. केस होता. हातभर झाला, दीड हात झाला, तरी संपेना. उजेडात धरला तर तांबूस, मेंदी लावलेला. काकींचा अंबाडा तर कापसासारखा पांढरा.

स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज एकदम भराभर यायला लागला.

मिस्त्रींनी मग चाकांच्या दातांच्या फटीतून शेंगदाण्याचं एक लालसर साल काढलं, त्यामागून चिवड्यातला चेपलेला पोह्याचा दाणा काढला. ते सगळं त्यांनी वर्तमानपत्रावर एका ओळीत मांडलं. मग आगपेटीच्या काडीवर तो पिवळा राप घेऊन नाकाशी नेला.

"सर, ह्ये मशीनचं तेल न्हाय." आणि काडी माझ्या नाकाखाली धरली.

 माका, जास्वंद आणि कढीपत्ता घालून खोबरेल तेलात उकळलेला तो वास. त्या वासाशेजारी मी बत्तीस वर्षं झोपतोय! माझी बायको मुरगूडची. हे तेल तिला तिच्या आईने शिकवलेलं, तिच्याशिवाय आमच्या अख्ख्या इमारतीत कुणाला करता येत नाही. दुपारी तीन ते पाच मी वाचनालयात असतो. मिस्त्री त्याच वेळेला सवयीने उद्यमनगरात जुन्या कारखान्यात जाऊन बसायचे. उरल्या कोण, हे सांगायला भूगोल लागत नाही. दोघी बायका दुपारी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये चिवड्याची मालवाहतूक करत होत्या. इंजिन कुरकुरलं की आमच्या सौभाग्यवती आपल्या वेणीची बाटली आणून त्याला तेल पाजत होत्या. आमच्याकडे पाव्हण्याच्या पानात रस्सा थेंबाथेंबाने वाढला तर चार पिढ्या नावं ठेवतात. इंजिनाला तोच न्याय लावला गेला होता.

"मला तेलातलं काय कळतंय?" मी छताकडे बघत म्हणालो.

"खोबरेल हाय. थंडीत गोठतंय. सकाळी घट्ट, म्हणून बोंबलायलंय. म्या वरनं पुसत व्हतो, सकाळी बघतो तर परत भरलेलं!" मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, वर्तमानपत्रावरच्या केसाकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे. मग मान वळवून, स्वयंपाकघराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कुणी का घातलं असंना. घालणाऱ्याचा जीव चांगला हाय. हात तेवढा लई सढळ हाय."

भाकरी थापायचा आवाज थांबला.

पुढचे दोन तास मी जे पाहिलं ते देवपूजेत पाहिलं नव्हतं. स्पिरिटात भिजवलेल्या कापसाच्या काडीने एक एक दात पुसला. जुन्या टूथब्रशने चाकं घासली. मग शिलाई मशीनच्या तेलात सुई बुडवली, झटकली आणि उरलेला थेंब आसाच्या कडेला टेकवला. तेवढंच. दातेरी चाकांना काडीच्या टोकावर राहील इतकं ग्रीस. मला वाटलं, हे विसरले. "बास?" मी विचारलं. "बास. तहान असंल तेवढंच पाजायचं. जास्त झालं की धूळ जमा करतंय आणि मग धुळीचाच गिलावा हुतोय."

रविवारी कमिटी आली. आवाज खाली ऐकू येतो की नाही, हे तपासायचं म्हणून चौघे माझ्या झोपायच्या खोलीत उभे राहिले. चौघांच्या माना वर, तोंडं उघडी. दहा मिनिटं गेली. चेअरमनची मान अवघडली.

"अहो सर, चालू करा म्हणावं त्यांना!"

मी जिन्यात जाऊन ओरडलो, "मिस्त्री, सुरू करा!"

वरून आवाज आला, "सुरूच हाय की! नववी फेरी चाललीय!"

इंजिन राहिलं. मिस्त्री खाली आल्यावर चेअरमननी विचारलं, "दोष काय होता हो?" मी जमिनीकडे बघायला लागलो. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "तेल चुकलं माझ्याकडनं." ज्याच्या हाताखालून गेलेलं इंजिन कधी परत दुरुस्तीला आलं नाही, त्या माणसाने चार लोकांत ते स्वतःच्या अंगावर घेतलं. मला लाज वाटली. असा माणूस डोक्यावर राहतो आणि मी त्याच्यावर उपमुद्दे लिहितो.

जाताना त्यांनी माझ्या हातात एक इवलीशी बाटली आणि सुई ठेवली. "वहिनींना द्या. म्हणावं, सुईच्या टोकावर बसंल तेवढंच. आणि चिवडा डब्यात झाकून न्या."

मी ती बाटली बायकोसमोर ठेवली. तिने ती पाहिली आणि भाजी चिरत राहिली.

"कण्हत होतं बिचारं. बघवंना," ती म्हणाली.

"मग मला सांगायचं होतंस!"

"तुम्हाला कसं सांगू? अर्ज तुमचाच होता की."

त्यानंतर मी दुपारचं वाचनालय सोडलं. तीन वाजता मी, बायको आणि काकी वर फरशीवर बसायचो. मिस्त्रींनीही उद्यमनगर सोडलं आणि ते आमच्या वाहतुकीचे साहेब झाले. चिवडा वेळेवर पोचायला लागला. दोन वर्षं हे चाललं. साठी उलटलेली चार माणसं एका वीतभर गाडीसाठी जेवण आटोपतं घेतात, हे बाहेर कुणाला सांगायची आमची हिंमत नव्हती.

गेल्या वर्षी मिस्त्री गेले. सकाळी उठले नाहीत, एवढंच. मला ते फार आवडायचे. हे त्यांना कधी सांगितलं नाही, त्यांनी लगेच विषय बदलला असता.

महिन्याभराने काकींनी दुपारी आम्हाला वर बोलावलं. इंजिन रुळावर उभं होतं. बटण कुणी फिरवायचं यावर आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी काकीच पुढे झाल्या. चाकं एकदा हलली आणि थांबली. काकींनी बोटाने त्याला मागून हलकं ढकललं.

"जा की आता. कोण अडवायलंय तुला?"

ते निघालं. हॉल ओलांडून पलंगाखाली शिरलं. मिस्त्रींनी ते असं करून ठेवलं होतं की ते चाललंय का थांबलंय, हे आवाजावरून कळायला काही मार्गच नव्हता. बायकोने माझं मनगट धरलं. काकी पलंगाच्या पलीकडच्या टोकाशी गुडघ्यावर बसल्या होत्या, हात पुढे करून.