नळीतली हिरवी चिंधी

…तर तो बंदुकीचा गज जाऊन थेट चिंचेच्या खोडात रुतला, इथवर काल आलो होतो. आता पुढचं ऐका. ठासणीची बंदूक म्हणजे काडतूस सरकवलं नि झालं, असं नसतं बाबांनो. नळीच्या तोंडातून आधी दारू, वर चिंधी, वर छर्रे, पुन्हा चिंधी, आणि सगळं लोखंडी गजानं ठासायचं. मोरिवलीच्या हरिचंद्रानं तरुणपणी डुक्कर दिसल्याच्या घाईत गजच आत विसरून चाप ओढला! डुक्कर बचावलं, चिंचेला भोक पडलं. त्याची बायको कमळाबाई पदर तोंडाला लावून हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून गज तिनं आपल्या ताब्यात घेतला. हरिचंद्र नेम धरायचा, ती मागून म्हणायची, "गज माझ्याकडं हाय. उडवा." चाळीस वर्षं हे ऐकल्याशिवाय त्यानं चाप ओढला नाही.

बार झाला की पाणी उकळायचं कामही तिचंच. जळल्या दारूची काजळी त्याच दिवशी धुतली नाही तर सकाळी नळीला आतून गंज. आणि पाणी कढतच हवं, म्हणजे लोखंड तापून आपोआप सुकतं.

गेल्या आश्विनात भात पिकलं, टेकडीवरून डुकरं उतरायला लागली, तेव्हा दोघांनी बंदूक ठासली. चिंध्या कमळाबाईनं आपल्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडून दिल्या. त्या साली डुक्कर काही आवाक्यात आलं नाही, बार नळीतच राहिला. कार्तिकात तापाचं निमित्त झालं नि कमळाबाई गेली. पौषात उरलेलं शेत गोदाम बांधायला विकलं गेलं. परवाना होता पीक राखायचा. पीकच नाही तर परवाना कसला? पोलीस ठाण्यातून निरोप आला, सोमवारी बंदूक रिकामी करून जमा करा.

रविवारी मुलगा दिपेश घरी होता. आनंदनगरला कंपनीत असतो तो. म्हणाला, "बाबा, वरती धरून उडवून टाका ना. दोन मिनटांचं काम."

"वरती कुठं? तिकडं कंपनीची टाकी, हिकडं बिल्डिंग. छर्रे काय तुझा बापूस झेलनार?"

नात उन्नती फिसकन हसली. दिपेशलाही पटलं. पण खरं कारण हरिचंद्रानं कुणाला सांगितलं नाही. सवाशीण गेली म्हणून ते हिरवं लुगडं नेसवूनच तिला नेलं होतं. बाकीची लुगडी बहिणी-भाच्यांत वाटून झाली. तिच्या हातानं फाडलेलं तेवढं या नळीत उरलं होतं, आणि बार उडवला की तेही जळणार होतं.

त्यानं चापाखालची केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टिकली, काढून बाजूला ठेवली. गजाच्या टोकाला चिंधी उपसायचा स्क्रूसारखा पेच बसवला नि अंगणात पाट घेऊन बसला. पेच घुसवायचा, फिरवायचा, हलकेच ओढायचा. वरची चिंधी कुजली होती, धागे धागे होऊन आली. छर्रे ताटलीत सांडले. मग खालची. तीन वेळा पेच सुटला. चौथ्यांदा धरला नि ती आली, चार बोटं रुंद, एका अंगाला काळी, दुसऱ्या अंगाला हिरवी. त्यानं गुडघ्यावर ठेवून ती सपाट केली. नाकाला लावली. नुसता दारूचा वास. तिचा काही नाही.

दारू मात्र दमट हवेत गोळा होऊन बसली होती, सांडेना. ती जाळणं भाग होतं. केप बसवून त्यानं नळी मोकळ्या जमिनीकडं धरली. आणि थांबला.

"काय झालं, बाबा?"

"काय नाय."

चाप ओढला. चिंधी नाही, छर्रे नाहीत. नुसतं फुस्स झालं. पांढरा धूर अंगणभर रेंगाळला. ओटीखालचं कुत्रंसुद्धा उठलं नाही.

"आजा, गीझरचं पाणी आणू?" उन्नतीनं विचारलं.

"गीझरचं नाय चालत, बाय. गॅसवं ठेव. बुडबुडं येऊ दे चांगलं."

"कशाला आता धुताय?" दिपेश म्हणाला. "उद्या द्यायचीच आहे."

हरिचंद्रानं नळीत कढत पाणी ओतलं. पहिलं पाणी शाईसारखं निघालं, दुसरं राखेसारखं, पाचवं स्वच्छ. गजाला फडकं गुंडाळून नळी आतून पुसली, खोबरेल फिरवलं. सोमवारी निघायच्या आधी ती हिरवी चिंधी त्यानं पुन्हा गजाच्या पेचात अडकवली, गज कमळाबाईच्या फोटोमागं आडवा ठेवला, आणि बंदूक खांद्याला अडकवून एकटाच चालत गेला.

ठाण्यात प्रमोद हवालदारानं नळीत डोकावून पाहिलं. "आजोबा, आरसा केलाय की हो! वितळायलाच जायची ही."

हवालदार कागदावर खुणा करत गेला. नळी, दस्ता, चाप, पट्टा. मग त्याचा हात नळीखालच्या रिकाम्या खाचेवर थांबला.

"आणि गज? गज कुठंय, आजोबा?"

"गज तिच्याकडं हाय."