चिंधी बांधलेली तपेली

सकाळी घरात विस्तव नको म्हणून मी रात्रीच पोहे भिजवून ठेवायला लागलो. पहाटे उठून शेगडी पेटवायची, ती धुमसत सोडून कामाला जायचं आणि मागे सहा वर्षांची पोर एकटी झोपलेली, हे मला जमण्यासारखं नव्हतं. स्टोव्हला तर मी हातच लावत नसे. त्याच्या भडक्याच्या गोष्टी मी फार ऐकल्या होत्या.

तेव्हा आम्ही चिंचवड गावात एका शेतकऱ्याच्या घराच्या पडवीलगतची खोली घेऊन राहत होतो. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना निघाला होता आणि चाळिशी उलटल्यावर मला तिथे बाटल्या धुण्याच्या खात्यात काम लागलं होतं. पहिल्या पाळीचा भोंगा सकाळी सातला व्हायचा. त्या वर्षी माघ सरता सरता हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, माहेरून निरोप आला की वडिलांना विषमज्वर झाला आहे. घरात तापाचं माणूस, तिथे मुलीला नेणं बरं नव्हे, म्हणून ही एकटीच गेली आणि मुलगी माझ्याजवळ राहिली.

मुलगी माझ्याजवळ राहणार या गोष्टीची मला का धास्ती वाटली ते सांगितलं पाहिजे. आमचा पहिला मुलगा दोन वर्षांचा होऊन पोटाच्या आजारानं गेला. मी तेव्हा सोलापूरला गिरणीत होतो. पोराला जुलाब होताहेत असा निरोप आला, तेव्हा मुलांना असं होतंच असं मी धरून चाललो आणि आठवड्याचं काम उरकून गावी गेलो. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. हिनं मला त्याबद्दल कधी एका शब्दानं दोष दिला नाही. पण त्यानंतर मुलगी झाली, आणि तिनं नुसतं पोट दुखतं म्हटलं तरी माझ्या अंगाला घाम सुटायचा.

निघायच्या आधी हिनं मला पोह्यांची रीत शिकवली. तिच्या माहेरी लांबच्या प्रवासाला निघताना असे पोहे करत. दूध तापवून कोमट होऊ द्यायचं. जाडे पोहे एकदा पाण्यातून काढून त्यात सोडायचे. गूळ किसून घालायचा, पण दूध गरम असताना नाही, नाहीतर फाटतं. वर दोन चमचे साय. आणि शेवटी विरजण, अगदी नखावर मावेल एवढंच. सकाळपर्यंत पोहे दूध पिऊन फुगतात आणि सगळं मिळून मऊ, दाट, गोडसर होतं. विरजण जास्त पडलं तर आंबतं, आणि मुळीच घातलं नाही तर उन्हाच्या दिवसांत दूध नासतं.

"आणि चिनी मातीच्या सटातच ठेवा हं," ती जाता जाता म्हणाली. एस.टी.च्या गडबडीत मी मान हलवली.

पहिले काही दिवस छान गेले. मी पहाटे माझा वाटा खाऊन सायकल काढायचो. मुलीचा वाटा सटातच झाकलेला असायचा. उजाडल्यावर घरमालकीण तिला उठवायची, वेणी घालायची, खायला बसवायची आणि शाळेत पाठवायची. ही बाई मूळची चिखलीकडची, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. मी तिला मावशी म्हणायचो.

"भाऊ, बायको दोन दिस माहेरी गेली तर तुमी थंडगार खाया लागलात व्हय?" ती म्हणायची. "माझ्या चुलीवर दोन भाकरी जास्तीच्या पडल्या तर काय चूल झिजंल?"

"मावशी, पोरीला आवडतं ते."

"आवडतं म्हनं! बापानं केलंय म्हनून खाती ती."

मी हसण्यावारी नेलं.

एके संध्याकाळी माझ्याच हातून सट फुटला. घासताना निसटला आणि मोरीच्या दगडावर आपटला. मी फळीवर दुसरं भांडं शोधलं. मोठी पातेली होती, पण त्यात एवढंसं दूध तळाशी पसरलं असतं. मागच्या बाजूला एक पितळी तपेली पालथी ठेवलेली दिसली, मापाला अगदी बरोबर. तिच्या गळ्याला जुन्या लुगड्याची एक चिंधी बांधलेली होती. गरम तपेली धरायला बांधली असेल असं मला वाटलं. मी ती सोडली, त्याच चिंधीनं तपेली पुसून कोरडी केली आणि पोहे भिजवले. हिनं घर किती नीट लावून ठेवलंय, असंही मनात आलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी कंदिलाच्या उजेडात माझा वाटा खाल्ला. जरा तुरट लागला. गूळ जुना असेल म्हणून मी वर आणखी थोडा गूळ घातला. मुलीच्या वाट्यातही घातला, तिला गोड लागावं म्हणून.

आमच्या खात्यात आत जाताना बाहेरचे कपडे उतरवून पांढरे कपडे घालावे लागत, तोंडाला फडकं बांधावं लागे, आणि एकदा आत गेल्यावर मधल्या सुट्टीपर्यंत बाहेर येता येत नसे. वाफेत उभं राहून बाटल्या उलट्या करता करता माझ्या पोटात ढवळायला लागलं. जिभेवर काहीतरी चव बसली होती, तांब्याचा पैसा तोंडात धरावा तशी. मधल्या सुट्टीत चहाचा कप तोंडाला लावला तर तोच उलटून येईल असं वाटलं.

माझ्या शेजारी काम करणारा गडी रत्नागिरीकडचा होता. त्याला कुणाचीही थट्टा केल्याशिवाय चहा गोड लागत नसे.

"काय हो, तोंड असं का? पहिल्यांदा बोटीत बसलेल्या माणसासारखं?"

"सकाळचं खाणं बाधलं वाटतं."

"रोज साय घालून दहीपोहे खाणार म्हणजे बाधणारच. आम्ही आपले शिळा भात खाणारे, आम्हाला काही होत नाही." मग कप खाली ठेवून त्यानं सहज विचारलं, "कशात ठेवले होते?"

"पितळेच्या तपेलीत."

"कल्हई होती ना?"

मी हातातला चहा ओतून टाकला. त्यानंही पुढे थट्टा केली नाही.

तपेलीच्या आतला रंग मला आठवला. कंदिलाच्या उजेडात तो पिवळा दिसला होता. कल्हईचं भांडं आतून पांढरं असतं, हे मी जन्मापासून पाहत आलो होतो. आणि ती चिंधी कशाची, तेही तेव्हाच उमगलं. ज्या भांड्याची कल्हई उडाली आहे ते कुणी चुकून वापरू नये, कल्हईवाला गल्लीत आला की पटकन त्याच्यासमोर ठेवता यावं, म्हणून ही ते पालथं घालून चिंधी बांधून ठेवायची. माझी आईही तसंच करायची. मी इतकी वर्षं त्या चिंध्या पाहिल्या होत्या आणि त्या कशासाठी हे कधी विचारलं नव्हतं. उघड्या पितळेत दही रात्रभर राहिलं की कळकतं, त्याचं विष होतं, हे मला ऐकून माहीत होतं. मी त्याच्यावर गूळ घालून ते पोरीसाठी झाकून ठेवलं होतं.

खात्याच्या साहेबांकडे जाऊन मी घरी जायची परवानगी मागितली. त्यांनी कारण विचारलं. मला नीट सांगता येईना. मी एवढंच म्हणालो, "माझ्या मुलीनं विष खाल्लंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढे काही न विचारता फाटकाचा पास दिला.

सायकल मी कशी मारली ते मला आठवत नाही. रेल्वेचं फाटक लागलेलं होतं, हे मात्र आठवतं. मालगाडी येत होती, संथपणे, एकेक डबा मोजून घ्यावा अशी. तिथेच रस्त्याच्या कडेला मला उलटी झाली. हिरवट पाणी पडलं. एक बैलगाडीवाला म्हणाला, "पानी देऊ का, पाव्हनं?" मी हातानंच नको म्हटलं. माझ्यासारख्या मोठ्या माणसाचं हे झालं, तर त्या एवढ्याशा जिवाचं काय झालं असेल, एवढं एकच डोक्यात होतं. तिनं खाल्लं नसेल, असं मी स्वतःला सांगत होतो. तुरट लागलं असेल, तिनं टाकलं असेल. लहान मुलं वाईट लागलं की थुंकून टाकतात.

मावशी दारात ज्वारी पाखडत होती.

"पोरीनं खाल्लं का?" मी सायकलवरूनच विचारलं.

"खाल्लं की! येक दाना न्हाई ठिवला. म्यां इचारलं, ग्वाड हाय का गं, तर मान हालवली." मग माझ्या तोंडाकडे बघून तिच्या हातातलं सूप थांबलं. "काय झालं, भाऊ?"

मी उत्तर न देता शाळेकडे वळलो. शाळा देवळाच्या ओवरीत भरायची. पहिलीची मुलं गुडघ्याला गुडघा लावून बसली होती आणि पाढे चालले होते. ती शेवटच्या ओळीत होती. पाटी मांडीवर, दोन्ही हात पोटावर घट्ट, आणि ओठ मिटलेले. बाकीची मुलं ओरडत होती. ती तोंड उघडत नव्हती. मला पाहिल्यावर तिचे डोळे भरून आले, पण तिनं ओठ उघडले नाहीत.

मी गुरुजींना न विचारताच तिला उचललं. ओवरीच्या पायऱ्या उतरतो न उतरतो तोच ती माझ्या सदऱ्यावर भडाभडा ओकली. परत परत ओकली. मी तिचं कपाळ धरून उभा होतो. सगळं बाहेर पडू दे, एवढंच म्हणत होतो.

"रागावू नका, अण्णा," ती मधेच म्हणाली.

गावातले डॉक्टर भले होते. त्यांनी तिची जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि मलाही बसायला सांगितलं. "बाहेर पडलंय ते उत्तम झालं. आता घोट घोट पाणी पाजत राहा. झोपली तर झोपू द्या, पण अधूनमधून हाक मारून ओ देते का बघा. संध्याकाळपर्यंत लघवी नीट झाली, ताप चढला नाही, तर काळजी नाही."

"आणि चढला तर?"

"तर घेऊन या," ते म्हणाले, आणि पुढच्या रोग्याकडे वळले.

ती दुपार माझ्या आयुष्यातली सर्वांत लांब दुपार. मावशीनं आपल्या सोप्यावर गोधडी घातली आणि मुलगी तिथे झोपली. मी शेजारी बसून होतो. दर थोड्या वेळानं तिला हाक मारायचो. ती "अं" म्हणायची. एकदा ती "अं" म्हणाली नाही तेव्हा मी तिला इतक्या जोरात हलवलं की ती रडायला लागली, आणि तिच्या रडण्यानं मला बरं वाटलं. मावशीनं मला हाताला धरून बाहेर नेलं. "पोरीला मारशील आता जागवून जागवून. जरा दम खा." पहिल्यांदाच ती मला अरेतुरे करत होती.

ऊन कलल्यावर मुलीनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मग लघवीला जायचं म्हणाली. मी आयुष्यात कुठल्या गोष्टीचा इतका आनंद मानला नसेल. दिवेलागणीला तिनं मावशीच्या हातची मऊ पेज थोडी खाल्ली आणि ती पोटात राहिली. अंगाला ताप नव्हता. मी तिच्याजवळ बसून विचारलं, "तुला ते वाईट लागलं नाही का गं?"

"लागलं."

"मग खाल्लंस कशाला?"

ती गोधडीचा टाका ओढत राहिली. मग म्हणाली, "आई म्हणाली होती, अण्णा करतील ते नावं न ठेवता खायचं. अण्णांना वाईट वाटतं."

एवढ्या लहान जिवाला मला वाईट वाटेल याची भीती होती. त्या भीतीपायी तिनं दाणा न दाणा गिळला होता, आणि शाळेत ओकारी दाबून बसली होती. माझं तोंड तिला रोज असं काय दिसत असेल, हा विचार तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही. मी तिला जवळ घेतलं आणि पुन्हा पुन्हा सांगितलं की वाईट लागलं तर वाईट म्हणायचं, थुंकून टाकायचं, मला मुळीच वाईट वाटणार नाही. तिनं शपथ घेतल्यासारखी मान हलवली.

हिचे वडील पुढे बरे झाले आणि ही परत आली. सगळं ऐकल्यावर ती तपेलीकडे बघत बसली, मग मला म्हणाली, "तुम्हाला तरी काय माहीत," आणि पदरानं डोळे पुसले. तिनं तेवढ्यावर सोडलं. मी सोडू शकलो नाही.

पण ती यायच्या आधीचा एक दिवस सांगायचा आहे. आठवडाभर आम्ही मावशीच्या भाकरीवर काढला. मग मुलगीच म्हणाली, "अण्णा, पोहे भिजवा ना." मी पिंपरीच्या बाजारातून चिनी मातीचा नवा सट आणला, तो उन्हात ठेवला, आतून बोट फिरवून पाहिला. सगळं हिनं सांगितल्याप्रमाणे केलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून सकाळी मी तिच्यासमोर बसलो. पोहे छान फुगले होते, वर साय धरली होती. तिनं पहिला घास घेतला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"छान झालेत, अण्णा," ती म्हणाली.

मी तिच्या हातातला चमचा घेतला आणि पुढचा घास आधी स्वतः खाऊन पाहिला.